बी कुणाकडचं?

१५ मे २०२४

परवा मतदान पार पडलं, कालचा दिवस अंग टाकून काढला. आज पहाटे साडेपाचला परसात गेले, ऊन चढायच्या आत. जागा जेमतेम अर्धा गुंठा, न्हाणीच्या भिंतीपासून मागच्या कुंपणापर्यंत. पण प्रवराकाठची काळी माती आहे आणि सासूबाईंनी तीस वर्षं शेणखत घालून ती पोसली आहे. आत्ता भेगाळली आहे. तापू दे अजून.

चहा झाल्यावर बियांचा पत्र्याचा डबा काढला. वर माझी रंगीत पाकिटं, तळाशी सासूबाईंच्या पुड्या, जुन्या कॅलेंडरच्या कागदात बांधलेल्या. त्यांच्या पुडीवर दोनच गोष्टी लिहिलेल्या असत: बी कशाचं आणि कुणाकडचं. ‘दोडका, धाकट्या जावेचा.’ ‘गवार, आत्याकडची.’ माझ्या पाकिटांवर फळांचे फोटो आहेत. बी कुणी पिकवलं, कुठे पिकवलं, हे एकावरही नाही.

गेल्या वर्षीचं दुधीचं पाकीट हाताला लागलं आणि पुन्हा जीव हळहळला. घरबसल्या मागवलेलं होतं. वेल असा चढला की न्हाणीचं छप्पर झाकून गेलं. श्रावणात पहिला दुधी काढला. चिरताना देठाकडची चकती जिभेला लावून बघायची, ही सासूबाईंची शिस्त मी मोडलेली नाही. त्या दिवशी जीभ अशी कडू झाली की चूळ भरूनही चव जाईना. दुसरा दुधी काढला, तोही तसाच. कडू दुधी पोटात गेला तर माणूस गंभीर आजारी पडतो, त्यामुळे सगळे टाकून दिले, वेल मुळासकट उपटला. बी धरतात त्या शेताजवळ कडू जातीचा वेल असला आणि मधमाशीने तिकडचा पराग आणला, तर पुढच्या पिढीत असा कडूपणा उतरू शकतो. पाकिटावर ना लॉट क्रमांक, ना चाचणीची तारीख. तक्रार केली, पैसे परत आले. दुधीचा हंगाम मात्र गेला.

यंदा बी घेण्याआधी ते कुणाकडचं आहे हे विचारायचं. आणि ज्याच्याकडे परत जाऊन जाब विचारता येईल, त्याच्याकडूनच घ्यायचं.

१७ मे

आधी घरात आहे ते उगवतं का, ते बघते आहे. जुन्या सुती लुगड्याचा तुकडा भिजवून पिळला, पाटावर पसरला. त्यावर किराणा दुकानातल्या मेथीचे शंभर दाणे, दहा दहाच्या दहा ओळींत. निवडून टपोरे घ्यायचे नाहीत, मुठीत येतील तसे घ्यायचे, नाहीतर चाचणी खोटी पडते. वर दुसरा ओला पदर टाकून वळकटी केली, दोऱ्याने सैल बांधली आणि माठाखालच्या गारव्यात ठेवली. दुसऱ्या वळकटीत माझ्या पाकिटातला पालक, तिसरीत सासूबाईंची गवार. गवारीच्या पंचवीसच बिया घेतल्या. सगळ्या घालायचं धाडस होईना.

२१ मे

मेथीची वळकटी उघडली आणि बरं वाटलं. प्रत्येक ओळीत पांढरे कोंब. मोजले, शंभरात अठ्ठ्याऐंशी. बियाण्याच्या मानकाप्रमाणे मेथीची उगवण किमान ७० टक्के लागते, म्हणजे वाण्याकडची मेथी त्यात सहज बसली. मेथीसाठी वेगळं पाकीट घ्यायची गरज नाही. मूठभर दाणे डब्यातून घ्यावेत, वळकटीत घालून बघावेत आणि वाफ्यात फेकावेत. धण्यांचंही तसंच करणार आहे. फक्त धणे पेरण्याआधी चपलेखाली हलके रगडून त्यांच्या दोन फाका करायच्या. एका धण्यात दोन बिया असतात, अख्खा पेरला तर उगवायला रेंगाळतो.

पालक वळकटीत तसाच ठेवला आहे, त्याला वेळ लागतो. गवारीचे पंचवीसांपैकी दोन कोंब.

२४ मे

पालक शंभरात अकरा. किमान ६० हवा. पाकीट उकिरड्यावर टाकलं.

गवारीचे ते दोन कोंब कुंडीत लावले आहेत.

२५ मे

आज सूर्य रोहिणीत गेला. सकाळी हे आणि मी बाजारात गेलो. बी-बियाण्यांच्या दुकानांत शेतकऱ्यांची झुंबड. मका, बाजरी, सोयाबीनच्या पिशव्या हातगाड्यांवर चढत होत्या. त्या गर्दीत पाच-दहा रुपयांच्या बियांसाठी जाऊन उभं राहायचं म्हणजे संकोच होतो. तरी उभी राहिले.

पहिल्या दुकानाच्या तोंडाशीच भाजीची पाकिटं तारेला टांगलेली, त्यांवर दुपारपर्यंतचं ऊन. उष्णता आणि दमट हवा हे बीचे दोन वैरी. पाकीट चांगलं असलं तरी मे महिनाभर असं उन्हात लोंबलं तर आतलं बी मरतं. पायरीही न चढता पुढे गेले.

दुसरं दुकान आत, अंधारं, गार. परवाना काचेच्या चौकटीत समोरच लावलेला. गल्ल्यावरचे दादा पन्नाशीचे असतील. पालक मागितला तर फळीवरून पाकीट काढलं, उलटं करून पाहिलं आणि परत ठेवून दिलं. “मॅडम, हा लॉट आता संपत आलाय. आठ दिवसांत नवा येतोय, तेव्हा न्या.” विकता आलं असतं. मी तारीख बघणार आहे, हे त्यांना कुठे ठाऊक होतं? हे दुकान मी धरलं.

मग गर्दी ओसरल्यावर त्यांच्याकडून पाकीट वाचायला शिकले. पुढचा फोटो सोडून द्यायचा, मागची बाजू बघायची. पीक, वाण, लॉट क्रमांक, उगवण क्षमता, शुद्धता, चाचणीची तारीख, वैधता. वैधता साधारणपणे चाचणीपासून नऊ महिने. निळं लेबल असेल तर ते प्रमाणित बियाणं, बीज प्रमाणीकरण यंत्रणेच्या डोळ्यांखालून गेलेलं. त्याच्या वरची पायरी पायाभूत, तिचं लेबल पांढरं. त्याच्याही वर पैदासकाराचं बियाणं, त्याला पिवळं. भाजीची बहुतेक पाकिटं सत्यप्रत असतात, म्हणजे लेबलावर लिहिलेल्या गुणांची हमी विकणारी कंपनी स्वतः देते. सत्यप्रत म्हणजे कमअस्सल नव्हे. पण मग ती कंपनी कोण, हे महत्त्वाचं. आणि पावती घ्यायची, तिच्यावर लॉट क्रमांक लिहून घ्यायचा, पाच रुपयांचं बी असलं तरी.

टोमॅटोचं संकरित बी मात्र घेतलं नाही. सर्वांत लहान पाकीट दहा ग्रॅमचं. टोमॅटोच्या हजार बिया जेमतेम तीन ग्रॅम भरतात, म्हणजे पाकिटात तीन हजारांच्या वर झाडं. मला हवीत सहा. दुकानाची मापं एकराची आहेत आणि ती तशीच असायला हवीत, दुकान शेतकऱ्यासाठी आहे. दादा म्हणाले, “रोपवाटिकेत जा. ट्रेमधली उरलेली रोपं सुटी देतात.” स्वतःचं गिऱ्हाईक दुसरीकडे पाठवणारा दुकानदार.

३ जून

राहुरीला जाऊन आले. मी शिकवते ती शाळा सुरू व्हायच्या आतच जमणार होतं. लोणी, कोल्हार करत एसटीने. कृषी विद्यापीठ गावाच्या पुढे, नगरच्या रस्त्याला. इथे वर्षानुवर्षं वाण निघत आहेत आणि आम्ही इतक्या जवळ राहून पाकिटावरच्या फोटोंना भुलतो.

बियाणं विक्रीच्या खिडकीशी रांग होती. दोडक्याचा ‘फुले सुचेता’ आणि काकडीचा ‘फुले शुभांगी’ मिळाला. साधी पाकिटं, पांढऱ्यावर काळी अक्षरं. ही दोन्ही सुधारित वाणं आहेत, संकरित नव्हेत. फरक आमच्यासारख्यांना महत्त्वाचा आहे. संकरित म्हणजे दोन निवडक आईबापांचं पहिल्या पिढीचं बी. पीक एकसारखं, जोमदार येतं, पण त्याच्या फळातलं बी धरलं तर पुढची पिढी विखुरते. कुणी आजीवर, कुणी आजोबांवर. दरवर्षी नवं पाकीट घ्यावं लागतं. सुधारित वाणाचं बी नीट राखलं तर तसंच उतरतं. शेतकऱ्याला एकरभर एकसारखा माल बाजारात न्यायचा असतो, त्याने संकरित घेण्यात काहीच वावगं नाही. मला चार वेलांची भाजी हवी आणि पुढच्या वर्षीचं बी हवं.

रांगेत माझ्या मागे पाथर्डीकडचे एक आजोबा होते. धोतराच्या सोग्यात पाकीट बांधून घेताना मला म्हणाले, “लेकी, पहिलं फळ खायचं नाय. बियाला ठेवायचं.” परतीच्या गाडीत तेच मनात घोळत होतं.

भेंडीचं बी लेकीने पुण्याहून मागवून दिलं आहे, बंगळुरूच्या उद्यानविद्या संशोधन संस्थेचं, ‘अर्का अनामिका’. तेही घरपोचच आलं. म्हणजे दोष घरपोच येण्यात नव्हता. या पाकिटावर बी काढणाऱ्याचं नाव आहे, लॉट आहे, तारीख आहे. बी गुलाबी आहे, बुरशीनाशक चोळलेलं. हात लावून झाल्यावर साबणाने धुतले आणि पाकीट वरच्या फळीवर ठेवलं. असं बी उरलं तरी कधी तोंडात जाता कामा नये, गुरांच्याही.

८ जून

मृग लागला. काल रात्री वारा सुटला, चार थेंब पडून गेले. मातीचा वास आला तेवढाच.

१५ जून

शाळा उघडली. नव्या मुलांचं रडणं, पालकांची गर्दी, पुस्तकांचे गठ्ठे. मधल्या सुट्टीत मावशी माझ्या टेबलाशी आल्या. आमच्या शाळेच्या मावशी अकोले तालुक्यातल्या, पार डोंगराकडच्या. उन्हाळ्यात माहेरी गेल्या होत्या. मे महिन्यात कधीतरी मी त्यांना घेवड्याचं बी मिळेल का म्हणून विचारलं होतं. त्यांनी पदराची गाठ सोडून टेबलावर पुडी उघडली.

काळेभोर, चपटे दाणे, प्रत्येकाच्या कडेला नखाएवढी पांढरी रेघ. काहींवर तपकिरी शिंतोडे. त्यांना चुलीच्या राखेचा वास होता. त्यांची भावजय बी चाळलेल्या राखेत घोळून मडक्यात भरते, वर कडुनिंबाचा पाला घालते आणि तोंड शेणमातीने लिंपून टाकते. राख ओल शोषून घेते आणि भुंग्याला थारा देत नाही. काकडीचं, भोपळ्याचं बी त्या शेणात कालवून भिंतीवर थापतात, पावसाळ्यात गोवरी सोडवून बी फोडून घेतात. हे सगळं मावशी घरात मीठ कुठे ठेवतात ते सांगावं तितक्या सहज सांगत होत्या.

“ह्यो आमच्या आज्जीचा घेवडा, बाई. आज्जीच्या आईकडून आला म्हणत्यात.”

पैसे विचारले. मावशींना ते रुचलं नाही. “बी इकायचं नसतं. वाटीभर नेलं तर पिकल्यावर वाटीभर द्यायचं, वर मूठभर.” पैसे तिथेच पर्समध्ये परत गेले.

याच डोंगरातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे. शाळेत गेल्या नाहीत, पण देशी वाणांचं बी घरोघरी गोळा करून त्यांनी बीज बँक उभी केली, बायफ संस्थेची साथ मिळाली, २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. वर्गात त्यांचं नाव मी किती वेळा घेतलं आहे. पण त्यांनी जे जपलं ते काय, हे आज मावशींच्या पुडीत हातात आलं. घराघरांतल्या बायकांनी असं राखेत ठेवलं नसतं तर राहीबाईंना गोळा करायला काय उरलं असतं?

आणि बियांची ही देवघेव चोरूनमारून चालणारी नाही. २००१ च्या वाण संरक्षणाच्या कायद्याने शेतकऱ्याला आपलं बी राखायला, पेरायला, देवघेव करायला, विकायलाही मुभा दिली आहे. फक्त नोंदलेल्या वाणाचं बी ब्रँडच्या नावाने विकता येत नाही.

पुडीवर लिहिलं: ‘घेवडा, मावशींच्या आजीचा. अकोले. जून २०२४.’

२३ जून

दोन दिवस पाऊस, आज उघडीप. दुपारपर्यंत वापसा आला. मूठभर माती दाबली तर गोळा होत होता, बोटाने टोचला की मोकळा. लगेच सुरुवात केली. भेंडी, दोडका, काकडी, घेवडा टोकले. दर ठिकाणी दोन-तीन बिया. दोडक्याचं टरफल जाड, म्हणून रात्री भिजत घातलं होतं. मेथी, धणे, लाल माठ वाफ्यात फेकले. माठाचं बी मोहरीपेक्षा बारीक, ते बारीक मातीत मिसळून फेकलं तरच सारखं पडतं. कडेने मक्याचे आठ दाणे. नव्या लॉटचा पालकही आणला होता, तोही.

संध्याकाळी रोपवाटिकेतून टोमॅटोची सहा आणि वांग्याची चार रोपं आणली. चांगलं रोप ओळखायचं ते असं: बुटकं, जाड दांड्याचं, गडद पानाचं घ्यायचं. उंच, किडकिडीत रोप सावलीत दाटीने वाढलेलं असतं. कोकोपीटचा गड्डा ट्रेमधून अख्खा निघाला पाहिजे आणि मुळं पांढरी दिसली पाहिजेत.

७ जुलै

हिशेब लिहून ठेवते. भेंडी वीस ठिकाणी, अठरा आल्या. दोडका आठपैकी सात, काकडी सहापैकी पाच. पालक दाट, विरळणी करावी लागेल. धणे अजून मातीखालून डोकावताहेत. मावशींचा घेवडा बारापैकी बारा.

कुंडीतली सासूबाईंची गवार गुडघ्याएवढी.

११ ऑगस्ट

शेजारच्या काकूंची भेंडी पिवळी पडली. पानांच्या शिरांचं पिवळं जाळं, केवडा. माझ्याही दोन झाडांवर आज दिसलं, उपटून टाकली. काकूंचं म्हणणं बी देणाऱ्याने फसवलं. तसं नाही. हा रोग बियातून येत नाही, पांढरी माशी एका झाडावरून दुसऱ्यावर नेते. वाण कणखर असलं तर टिकाव जास्त धरतं. बी देणाऱ्याला जाब विचारायचाच, पण ज्याचा दोष त्याच्याचकडे. काकूंना बरोबर घेऊन कुंपणालगतची रोगट झाडं काढली.

दोडका फुलला. काकूंचाही दोडका कुंपणावर आहे, त्यांचं वाण वेगळं. बी शुद्ध राखायचं तर मधमाशीच्या आधी आपण पोचायला हवं. दोडक्याची फुलं संध्याकाळी उमलतात, हे शाळेच्या बाईच्या सोयीचं आहे. चार वाजता उद्या-परवाची नव्हे, आजच उमलणार अशी फुगलेली कळी हेरायची. मादी कळीच्या पाठीशी बोटाएवढा शिरेदार दोडका असतो, नर कळी नुसत्या देठावर. दोन्हींची तोंडं दोऱ्याने अलगद बांधून ठेवली. साडेसहाला सोडली. पाकळ्या बोटांखाली आपसूक उलगडल्या. नर फुलाच्या पाकळ्या खुडून केसर मादी फुलाच्या मधोमध हलकेच फिरवलं, पिवळी भुकटी चिकटलेली स्पष्ट दिसली. मादी फुलाचं तोंड पुन्हा बांधलं आणि देठाला लाल रिबिनीचा तुकडा. यांना सांगून ठेवलं, रिबिनीचा दोडका कुणी तोडायचा नाही.

घेवडा मांडवभर पसरला आहे, पण फूल नाही. मावशींना विचारलं. “दसऱ्यापातुर धीर धरा, बाई.” जुन्या घेवड्याला दिवस लहान व्हावे लागतात, तेव्हाच तो फुलतो. दुकानातल्या झुडपी जातींना ते बंधन नाही. ज्याला लवकर शेंगा हव्यात त्याने त्या घ्याव्यात.

८ सप्टेंबर

ऋषीपंचमी. बैलाच्या कष्टाचं आज खायचं नाही, नांगर न लागलेल्या जागेतलं खायचं. सासूबाईंचा सगळा परस या एका भाजीसाठी असायचा, असं मला आता वाटतं. मोरीच्या सांडपाण्यावरचा अळू, लाल माठ, भेंडी, दोडका, मक्याची दोन कणसं, भोपळ्याची कोवळी पानं. भोपळा मी पेरलेलाच नव्हता, शेणखतातून आपला आपण उगवला. सगळं खुरप्याच्या कामाचं. तेल-फोडणी नाही, चिंचेचा कोळ आणि मिरची.

रिबिनीचा दोडका वेलावर आहे. हिरवा गेला, तपकिरी होतो आहे.

काकूंना डबा दिला. त्यांनी विचारलं, “दोडका कुणाकडचा गं?”

१९ ऑक्टोबर

वेलावरच वाळलेला दोडका काढला. हलवला तर खुळखुळ्यासारखा वाजतो. टोक मोडून उलटा धरला, काळ्या बिया ताटात पडल्या. एकशे चार. दोन दिवस सावलीत, मग काचेच्या बरणीत, तळाशी कोरड्या राखेची पुरचुंडी. बीमधली ओल जेवढी कमी आणि जागा जेवढी गार, तेवढं त्याचं आयुष्य वाढतं.

गवारीच्या शेंगा खाल्ल्या नाहीत, सगळ्या बियाला धरल्या. सत्तर बिया झाल्या.

घेवड्याला जांभळ्या फुलांचे तुरे.

१३ जानेवारी २०२५

भोगी. घेवड्याचे कोवळे दाणे, गाजर, वांगं, हरभरा, तीळ, सगळं कालच निवडून ठेवलं होतं. सकाळी भाजी-भाकरी करून शाळेत गेले. पिशवीत मावशींची वाटी होती. वाटीभर घेवडा आणि वर दोन मुठी.

मावशींनी ती वर्गाबाहेरच्या पायरीवर परातीत ओतली आणि बोटांनी पसरली. त्यांचे डोळे आता अधू झाले आहेत, पण बोटं थांबत नव्हती. पांढरी रेघ ठसठशीत असलेले, टपोरे दाणे उजवीकडे. सुरकुतलेले, अर्धवट भरलेले डावीकडे. एक दाणा जरा तांबूस होता, तो उचलून उन्हात धरला, मग डावीकडे टाकला.

“ही खायाची,” डावा ढीग माझ्याकडे सरकवत म्हणाल्या. उजव्यातून एक मूठ काढून माझ्या ओंजळीत घातली. “आन ही तुमच्या काकूंना द्या.”

मी कागद काढला, पुडी बांधली. वर लिहायला पेन उघडलं.